घर बंद नव्हतं

शेलार बाई कुत्र्यांना भ्यायच्या. एवढी धीट बाई, खोलीमालकांच्या अंगावर जायची, साहेबांसमोर खुर्चीत न बसता उभ्यानं उत्तर द्यायची, पण गल्लीच्या तोंडाशी एखादं मरतुकडं कुत्रं दिसलं की माझ्या पाठीमागं यायची आणि माझी बाही धरायची. "जगताप, तुमी पुढं व्हा," म्हणायची. कार्यालयात मी हे सगळ्यांना हसत हसत सांगायचो. आता सांगत नाही.

नागापूरच्या एमआयडीसीला लागून पलीकडं आमचं खंडोबामाळ. वीस वर्षांपूर्वी तिथं ज्वारी आणि बाभळी होत्या म्हणतात. मी नोकरीला लागलो तेव्हा नगरहून येणाऱ्या रिक्षा तिथवर भरून येत होत्या आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॉटचे फलक लागले होते. आमच्या कार्यालयाला शहराचा आपत्ती आराखडा करायचा होता. पूर आला, आग लागली, कारखान्यातून वायू सुटला, तर कुणाला कुठून बाहेर काढायचं आणि कुठं न्यायचं, हे लिहायचं. त्याचं पहिलं प्रकरण 'शहराची ओळख व वाढ'. ते माझ्याकडं आलं. मी कंत्राटी सहायक, श्रीरामपूरकडचा, नवखा. जुन्या आराखड्यातलं पहिलं प्रकरण घेतलं, दोन-चार वाक्यं फिरवली, 'औद्योगिकीकरणामुळे शहराचा झपाट्याने विकास होत आहे' असं लिहिलं आणि टाईप करून ठेवलं.

शेलार बाई पाहणी विभागात लिपिक होत्या. निवृत्तीला वर्षभर राहिलेलं. राहुरीकडच्या शेतकऱ्याची लेक, सासर नगरचं, नवरा लवकर गेलेला, मुलगी देऊन झालेली. साडीवर पुरुषी शर्ट, पायात काळे बूट, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी माझं प्रकरण उभ्या उभ्याच वाचलं.

"हे कोनाचं शहर हाय?" त्यांनी विचारलं.

"आपलंच की बाई."

"पुरात लोकांना न्यायचं मोकळं मैदान, ओढ्याकाठचं. हे पाह्यलंय का तुमी?"

मी पाहिलं नव्हतं. बाईंनी कागद पिशवीत टाकला आणि मला उन्हात बाहेर काढलं. चालत नेलं. मैदान होतं तिथं मंगल कार्यालय उभं होतं. समोर हिरवळ, हिरवळीवर कारंजं. ओढा कुठंय, मी विचारलं. बाईंनी बुटाची टाच हिरवळीवर आपटली. "हितं, खाली. नळ्यात घातलाय. ह्या नळ्यातनं म्हैस जायची न्हाई, आन ओढा जायचा म्हनं." मी त्या नळ्याचं तोंड पाहिलं. आम्ही पूर आल्यावर माणसं जिथं गोळा करणार होतो, ती जागा ओढ्याच्या छातीवर होती. आणि ते मी स्वतः, चहा पीत, नीटनेटक्या अक्षरांत लिहिलं होतं.

तेव्हापासून मी बाईंच्या मागं हिंडू लागलो.

त्यांची पाहायची रीत वेगळी होती. घरात किती माणसं हे त्या पहिल्यांदा विचारतच नसत. आधी पाणी मागायच्या. पाणी माठातलं आहे की टँकरचं, कोण आणून देतं, त्यासाठी घरातली किती माणसं हलली, हे पाहायच्या. मग वाळत घातलेल्या कपड्यांकडं नजर टाकायच्या. "मानूस खोटं बोलतं, दोरी बोलत न्हाई," त्यांचं म्हणणं. घरातली बाई चारजण सांगायची आणि दोरीवर नऊ शर्ट असायचे. शेलार बाई दोरीकडं बघत राहायच्या, मग घरातली हसून म्हणायची, "दीर आलेत गावाकडनं. कंपनीत लागलेत." जुन्या भिंतींवर तळहात फिरवून त्या ओल कुठवर चढते ते बघायच्या आणि खडूनं बारीक रेघ मारायच्या. चहा पहिल्या घरात कधीच घ्यायच्या नाहीत, शेवटच्या घरात घ्यायच्या. पहिल्या घरात घेतला की बाकीच्या गल्लीला वाटतं ही त्यांची माणसं, असं त्या म्हणत. वस्तीवरच्या निम्म्या बायकांकडं त्यांचा मोबाईल नंबर होता. बायका त्यांना रेशनकार्डापासून सुनेच्या भांडणापर्यंत कशालाही फोन करायच्या आणि बाई चिडचिड करत सगळ्यांशी बोलायच्या.

पाहणीच्या छापील तक्त्यात एक रकाना होता, 'घर बंद'. दाराला कुलूप दिसलं की तिथं खूण करायची आणि पुढं जायचं. सगळे तसंच करत. बाईही.

ओढ्याच्या खालच्या अंगाला पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा होत्या. एकाच मालकाच्या. तिथं दिवसा शुकशुकाट असायचा, दारादाराला कुलूप. एका दुपारी आम्ही त्या रांगेतून खुणा करत चाललो होतो. घर बंद, घर बंद, घर बंद. पत्रा इतका तापलेला की हात लावला तर चटका बसावा. बाई अचानक थांबल्या. एका निळ्या दाराला त्यांनी कान लावला.

"जगताप, आत कोनतरी घोरतंय."

मला वाटलं भास. मग मीही ऐकलं. दाराला बाहेरून मोठं पितळी कुलूप, आणि आत माणूस घोरत होता.

बाईंनी दार वाजवलं. "कोन हाय आत?"

घोरणं थांबलं. बऱ्याच वेळानं आवाज आला, "काय पायजे? दोनला उघडंल."

"आत किती जन हायेत?"

"चार. रातपाळीचे."

"किल्ली कुनाकडंय?"

"पार्टनरकडं. तो कंपनीत."

"बाहेरून कुलूप कशाला?"

"मालकानं सांगितलंय. दिवसा कुलूप दिसलं पायजे. तुमच्यासारखं कोनी आलं तर खोली रिकामी वाटली पायजे." आतला माणूस हसला. "झोपू द्या ना बाई."

"आन आग लागली तर? पानी आलं तर?"

मग दुसराच एक आवाज, अगदी जागा झालेला, म्हणाला, "त्याचा इचार केला तर झोप येत न्हाई."

बाई तिथून बाजूला झाल्या आणि पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं ऊन लागलं. मी बाटली पुढं केली. त्यांनी घेतली नाही.

"तीस वर्सं झाली मला ह्या कामात," त्या म्हणाल्या. "किती दारांवर 'घर बंद' लिवलं आसंल मी? किती दारांवर, जगताप?"

मी हातातल्या तक्त्यावरच्या खुणा मोजू लागलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या भागाची पाहणी पुन्हा सुरू केली. कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक कुलपाशी थांबायचं, दार वाजवायचं, हाक मारायची, आतल्या माणसांना मोजायचं. कधी एक, कधी सहा. एका खोलीत तर आजारी माणूस होता आणि कुलूप लावून गेलेला भाऊ डबल पाळीला अडकलेला. बाईंनी खिडकीच्या गजांतून त्याला गोळ्या आणि केळी सारली. तक्त्यात त्यांनी हातानं नवा रकाना आखला, 'कुलपाआड झोपणारे'. मी पहिलं प्रकरण फाडून नव्यानं लिहायला घेतलं. आमच्या शहराची दिवसाची लोकसंख्या वेगळी होती, रात्रीची वेगळी, आणि तिसरी एक होती जी कुणालाच दिसत नव्हती.

साहेबांनी मसुदा वाचला. माणूस वाईट नव्हता. "बाई, या खोल्यांना परवानगीच नाही," ते म्हणाले. "ज्या खोल्या कागदावर नाहीत, त्यातली माणसं मी आराखड्यात कशी दाखवू?"

"खोल्या दाखवू नका साहेब. मानसं दाखवा."

"बघू," साहेब म्हणाले. फाईल टेबलावर राहिली.

परतीच्या पावसाचे दिवस होते, पण त्या दिवशी आमच्याकडं थेंब नव्हता. स्वच्छ ऊन. दुपारी एकच्या सुमाराला आम्ही डबे उघडले होते. बाईंचा फोन वाजला. वरच्या वस्तीवरची एक बाई ओरडून बोलत होती, मला लांबूनही ऐकू येत होतं. डोंगराकडं ढग फुटला होता. "ओढा आलाय बाई! लाल पानी! घराएवढं येतंय!"

बाईंनी डबा तसाच ठेवला आणि पाहणीचं रजिस्टर उचललं. आम्ही माझ्या मोटारसायकलवरून पोचलो तेव्हा मंगल कार्यालयाची हिरवळ उकलली होती. नळ्यात न मावलेला ओढा जमीन फोडून वर आला होता आणि पत्र्याच्या रांगांत शिरत होता. डोक्यावर ऊन, पाऊस नाही, वारा नाही, आणि पाणी गुडघ्याच्या वर. पाऊस नसताना पूर मी तोवर पाहिला नव्हता. खोटं वाटत होतं सगळं.

अग्निशमनची गाडी आमच्याआधी आली होती. जवान पलीकडच्या पक्क्या घरांतल्या बायका-मुलांना दोरानं काढत होते. त्यांचा प्रमुख आम्हाला म्हणाला, "ह्या रांगा रिकाम्या आहेत. सगळ्यांना कुलपं आहेत."

"न्हाई!" बाई ओरडल्या. असा आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता. "मानसं हायेत आत! कुलपं तोडा!"

त्या एका उभ्या टेम्पोच्या हौद्यात चढल्या, रजिस्टर उघडलं आणि वाचायला लागल्या. "पहिली रांग, निळं दार, चार जन! त्याच्या शेजारी, पाच जन! पुढची सोडा, तिथं दिवसपाळी हाय! चौथी, दोन जन, एकाचा पाय अधू हाय, उचला त्याला!" जवानांनी पहारी घातल्या. कुलपं तुटू लागली आणि दारांतून माणसं निघू लागली. चड्डीवरची, बनियनवरची, झोपेतून उठलेली, कुणी उशी छातीशी धरलेला, कुणी नुसता रडणारा. ज्या रांगा रिकाम्या म्हणून सोडल्या होत्या, त्यांतून माणसं निघतच होती. तो जवानांचा प्रमुख मधेच थांबून माझ्याकडं बघायला लागला.

पाणी कमरेला आलं. बाई शेवटच्या रांगेवर आल्या. "शेवटची रांग. पहिली, तीन जन. दुसरी, चार जन. तिसरी, कडेची..." त्यांनी पान जवळ धरलं. "घर बंद. झालं. निघा, सगळे निघा!"

जवान मागं फिरले. थोड्या वेळात मालकाच्या कुंपणाची भिंत आत कोसळली आणि शेवटच्या रांगेवर पाण्याचा लोंढा गेला.

ऊन उतरायच्या आत ओढा ओसरला. लोक बाईंच्या पाया पडत होते, त्या पाय मागं घेत होत्या. तेवढ्यात गर्दीतल्या एकाला कंपनीतून फोन आला, कुलूप लावून दिवसपाळीला गेलेल्या कामगाराचा. त्याचा खोलीतला जोडीदार, अंकुश, फोन उचलत नव्हता. कुठली खोली? शेवटची रांग, कडेची.

कुलूप तोडलं तेव्हा मी तिथं होतो. अंकुशनं सिलेंडरवर पत्र्याची पेटी ठेवली होती, त्यावर चढला होता. वरच्या झरोक्याची जाळी आतून वाकलेली होती. चांगलीच वाकलेली होती. अजून थोडा वेळ मिळता तर निघाला असता.

बाई आल्या. "कितवी खोली?" एवढंच विचारलं. मी सांगितलं. त्यांनी रजिस्टर उघडून पान काढलं, आपलं अक्षर पाहिलं आणि ते पान हातानं झाकलं. मग मला आठवलं. त्या रांगेच्या टोकाला मालकाचं कुत्रं बांधलेलं असायचं, मोठं, काळं. ती रांग दुसऱ्यांदा मोजली त्या दिवशी मी बरोबर नव्हतो, नगरला कामाला गेलो होतो. बाई त्या कडेच्या दाराशी गेल्या नव्हत्या, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. लांबून मालकाला विचारलं होतं, ती खाली हाय का? तो म्हणाला होता, खालीच हाय.

अंकुश पाथर्डीकडचा. आई-बाप अजून ऊसतोडीला जायचे. त्यानं कोयता सोडून कंपनी धरली होती. वर्कशॉपात रातपाळी. बायको रेखा गावी, पोटात दुसरं. ती आली तेव्हा तिला कुणी काही सांगायच्या आधीच तिनं विचारलं, "कुलूप कुनी लावलं हुतं?"

चौकशी बसली. मालक स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत आला आणि त्यानं टेबलावर एक कागद ठेवला. आमच्याच पाहणीच्या पानाची नक्कल, रीतसर अर्ज करून घेतलेली. "सरकारी माणसांनी दारावर येऊन लिहिलंय," तो म्हणाला. "घर बंद. माझ्या त्या खोलीत कोणी राहतच नव्हतं. हा माणूस पुरात कुठून वाहत आला मला माहीत नाही."

मी सुन्न झालो. कुलूप तोडताना मी पाहिलं होतं, दहा माणसांनी पाहिलं होतं. तरी तो कागद होता, त्यावर शिक्का होता, आणि तो त्याच्या बाजूनं बोलत होता. राहण्याचा पुरावा काय, असं रेखाला विचारण्यात आलं. भाडेपावती नव्हती. अंकुशच्या कुठल्याच कागदावरच्या पत्त्यात ही खोली नव्हती. माणूस मेला होता आणि तो तिथं जगत होता हे सिद्ध करायचं होतं.

जेवणाच्या सुट्टीत साहेबांनी बाईंना बाजूला घेतलं. मी दारात होतो. "बाई, तुम्हाला महिना राहिलाय. एवढ्या लोकांना वाचवलंत तुम्ही, सगळे तेच बोलतायत. आता गप्प राहा. बोललात तर सगळं तुमच्यावर येईल."

"अंकुशवर आलंय की साहेब आदीच," बाई म्हणाल्या.

सुट्टीनंतर त्यांनी जबाब दिला. उभ्यानंच. लिहून घेणारा त्यांची भाषा शुद्ध करायला लागला तशा त्या थांबल्या. "मी बोलते तसं लिवा," म्हणाल्या. "त्या दाराशी मी गेले न्हाई. कुत्र्याला भ्याले. लांबून इचारलं आन कागदावर खून केली. मी लिवलेलं खोटं हाय. खोली बंद हुती. घर बंद नव्हतं. मानूस ऱ्हात हुता तिथं, आन मालकाला ते ठावं हुतं, कारन दिवसा कुलूप लावायला त्यानंच सांगितलं हुतं, आन मला म्हनला, खालीच हाय."

मालक उठून काहीतरी बोलायला लागला, पण त्याचा आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता. रेखा बाईंकडं बघत होती. मला वाटलं ती शिव्या देईल, धावून जाईल. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि मान खाली घातली.

पुढं मालकावर गुन्हा दाखल झाला. अंकुशचा मृत्यू त्या खोलीत झाला असं कागदावर आलं. बाईंना नोटीस निघाली, खातेनिहाय चौकशी. निरोप समारंभ झाला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी टेबल पुसलं, खणातल्या टाचण्या माझ्या खणात ओतल्या, रजिस्टर माझ्या हातात दिलं आणि पायऱ्या उतरून गेल्या. मी म्हणालो, "बाई, सोडायला येऊ का?" त्या म्हणाल्या, "पहिलं प्रकरन पुरं करा." प्रकरण पुरं झालं. त्यात 'कुलपाआड झोपणारे' हा रकाना छापला गेला, साहेबांनीच तो ठेवला. मालकानं मात्र जामिनावर सुटल्यावर बायपासच्या पलीकडं नव्या खोल्या टाकल्या. मी जाऊन आलो. दारं वेगळ्या रंगाची आहेत.

बाई मला एकदाच पुन्हा दिसल्या. हिवाळ्याची सकाळ होती, मी नगरच्या स्टँडवर श्रीरामपूरची गाडी बघत उभा होतो. पाथर्डीची गाडी फलाटाला लागलेली. खिडकीशी शेलार बाई बसल्या होत्या. अंगावर तोच शर्ट, मांडीवर एक तान्हं मूल, फडक्यात गुंडाळलेलं. शेजारी रेखा. तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद होते, मृत्यूच्या दाखल्याचे असावेत. कचेरीत फेऱ्या मारून ती थकली असावी. तिचं डोकं बाईंच्या खांद्यावर कलंडलं होतं, तोंड किंचित उघडं, गाढ झोपलेली.

मी हाक मारायला हात वर केला. बाईंनी मला पाहिलं. ओठांवर बोट ठेवून त्यांनी मला गप्प केलं आणि खिडकीची काच हळूच, आवाज न करता, ओढून घेतली. गाडी निघाली.